दोन विरजणांचं दही

सुरेखाने स्टीलचा डबा टेबलावर असा आपटला की उज्ज्वलाबाईंच्या कपातला चहा बशीत सांडला.

"घ्या जाऊबाई. चोरीचं दही. कंपनीनं मला चोर ठरवलंय, तेव्हा म्हटलं मुद्देमाल आपणच नेऊन द्यावा."

"ती कंपनी माझी नाही, सुरेखा."

"मग कुणाची? तो खैरे कुणाच्या हाताखाली शिकला? आणि माझ्या नवऱ्याला दर आठवड्याला ते डबे कोण पाठवत होतं? मी का?"

उज्ज्वलाबाईंनी फडकं आणून चहा पुसायला घेतला. दोघी आवट्यांच्या सुना. थोरली लग्नानंतर वर्षभरातच मिरजेला आली, कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागली आणि तिथेच म्हातारी झाली. नवरा गेल्यावरही ती गावी परतली नाही. धाकटी कृष्णाकाठी माळेवाडीतच राहिली. म्हशी, शेत, सासूसासऱ्यांची आजारपणं, सगळं तिच्या अंगावर पडलं. उज्ज्वलाबाई सणाला जायच्या तेव्हा सासूबाई त्यांना पाटावर बसवायच्या आणि सुरेखाला वाढायला लावायच्या. तेवढ्या एका गोष्टीचा राग सुरेखाने इतकी वर्षं जपला होता, की तो नसता तर दोघींना बोलायला विषयच उरला नसता.

उज्ज्वलाबाई दर आठवड्याला धाडायच्या ते डबे होते समदह्याचे. मधुमेहावरचं हे दही बाजारात येऊन आता बरीच वर्षं झाली होती. दह्यातल्या जंतूमध्ये कंपनीने बाहेरचं एक जनुक बसवलं होतं. त्यामुळे दूध आंबवता आंबवता तो जंतू एक छोटं प्रथिन तयार करायचा. ते पोटात टिकायचं, स्वादुपिंडाला जागं करायचं आणि रक्तातली साखर खाली आणायचं. सुई नाही, गोळी नाही, वाटीभर दही खायचं. कुणी त्याचं विरजण घरी लावू नये म्हणून कंपनीने त्या जंतूला परावलंबी करून ठेवलं होतं. कारखान्यात दुधात एक खास खाद्य मिसळत. ते खाद्य मिळालं तरच जंतू जगायचा आणि तेवढ्यापुरतंच ते जनुक काम करायचं. साध्या दुधात पडला की मेला.

सुरेखाचा नवरा दिलीप साखरेचा जुना रोगी. चतुर्थीच्या उपासाला सकाळी त्याने समदही खाल्लं, दुपारी भगरीबरोबर घरचं दही खाल्लं आणि स्कूटर काढून बाजाराला निघाला. वळणावर डोळ्यांपुढे अंधारी आली. खुब्याचं हाड मोडलं. मनगटावरच्या पट्टीने त्याची साखर तळाला गेल्याचं दवाखान्याला कळवलं, दवाखान्याने सरकारला कळवलं आणि तपासनीस माळेवाडीत आले. त्यांच्याकडे जनुक ओळखणारी पेनं होती. समदह्याच्या डब्यात पेन जांभळं झालं, ते साहजिकच होतं. पण सुरेखाच्या घरच्या दह्याच्या मातीच्या भांड्यातही ते जांभळं झालं. मग शेजारच्या घरात झालं, मग बचतगटाच्या ताकाच्या केंद्रात, मग गावभर.

"आता म्हणतात, मी बी चोरलं आणि गावात वाटलं. तुरुंगाचा गुन्हा आहे म्हणे. विरजण मागायला आलेल्या बाईला नाही म्हणायचं का मी? दिवेलागणीनंतर देत नाही, तेवढं सोडलं तर आपल्या घरानं कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही."

"पण तुझ्या भांड्यात ते गेलं कसं?"

"मला विचारता? आपल्या दोघीत शिकलेलं कोण?"

"भावजींचे डबे रिकामे झाले की तू त्यांचं काय करायचीस?"

"काय करणार?" सुरेखा म्हणाली. "कडेला लागलेलं दही धुऊन मोरीत घालवायचं? चमचाभर कोमट दूध डब्यात फिरवायचं आणि आपल्या विरजणाच्या भांड्यात ओतायचं. दही कसं घट्ट लागायचं त्यानं, सुरीनं कापावं असं. गटातल्या सगळ्याच बाया तसंच करतात."

उज्ज्वलाबाईंचा पुसता हात थांबला.

*

निनाद खैरेने दारापर्यंत येऊन वाकून नमस्कार केला. कंपनीच्या काचेच्या इमारतीत त्याचं दालन सगळ्यात वर होतं.

"मॅडम, तुम्हाला गारठा सोसत नाही म्हणून एसी बंद करायला सांगितलाय. बसा. बरं झालं आलात. ह्या दह्याच्या खटल्यात अन्नजीव लवादापुढे तज्ज्ञ म्हणून तुमचंच नाव दिलंय आम्ही."

"मला न विचारता?"

"विचारायचं काय त्यात? वर्गात सांगायचात तेच सांगायचं. जंतू आपणहून काही घेत नाहीत, त्यांना घ्यायला लावावं लागतं. आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर लावलंय मी ते वाक्य."

वाक्य त्यांचंच होतं. ते कुठे आणि कशाच्या वासात बोललं गेलं, हेही त्यांना आठवत होतं. त्या काळी कॉलेजात बर्फाचं यंत्र नव्हतं. प्रात्यक्षिकाच्या दिवशी शिपाई स्टँडवरच्या गोळेवाल्याकडून लादीचा तुकडा आणायचा, तो गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडायचा. शेजारच्या खोलीत जंतू वाढवायच्या बशांसाठी अगर शिजत असायचं, त्याचा खळीसारखा वास सगळ्या मजल्यावर पसरायचा. बर्फाच्या बादलीत नळ्या उभ्या करायच्या. नळीत कॅल्शियम क्लोराइडचं पाणी आणि त्यात ई. कोलायचे जंतू. जंतूच्या आवरणावर ऋण भार आणि डीएनएवरही ऋण भार, त्यामुळे दोघं एकमेकांना दूर लोटणार. कॅल्शियम त्यांच्यात मध्यस्थासारखं बसतं. मग परक्या डीएनएचं एक कडं त्यात सोडायचं, वाट बघायची आणि बर्फातली नळी उचलून एकदम बेचाळीस अंशांच्या पाण्यात बुडवायची. मिनिटभरसुद्धा नाही. त्या चटक्याने आवरणाला घटकाभर फटी पडतात आणि कडं आत शिरतं. लगेच पुन्हा बर्फ, मग कोमट खाद्यात थोडा विसावा. शेवटी सगळं प्रतिजैविक मिसळलेल्या बशीवर पसरायचं. कड्याबरोबर त्या औषधाला पुरून उरणारं जनुकही दिलेलं असायचं, त्यामुळे ज्यांनी कडं घेतलं तेच जगायचे. लाखोंतले मूठभर. दुसऱ्या दिवशी बशीवर पांढरे ठिपके दिसले की मुली एकमेकींना मिठ्या मारायच्या. आणि उज्ज्वलाबाई म्हणायच्या, "बघा किती आर्जवं करावी लागली. जंतू आपणहून काही घेत नाहीत."

"निनाद, ते ई. कोलायबद्दल होतं."

"जंतू तो जंतू, मॅडम."

"असं मी कधीच शिकवलेलं नाही."

"बरं, मग तुमच्या जावेच्या स्वयंपाकघरात बर्फाची बादली होती? पाण्याचं तापमान कोण बघत होतं, म्हैस?" तो हसला. "सरळ गोष्ट आहे. साध्या दुधात आमचा जंतू जगत नाही. त्यांच्या भांड्यात तो जगतोय. म्हणजे आमच्या कारखान्यातल्या कुणाला तरी फितवून त्यांनी खाद्य मिळवलंय."

"माझी जाऊ इतक्या वर्षांत मला फितवू शकली नाही. तुझ्या माणसांना काय फितवणार?"

निनादचं हसू गेलं. "मग तुम्ही दुसरं कारण शोधा," तो म्हणाला. "पण शोधण्याआधी विचार करा."

*

माळेवाडीत दिलीप ओसरीवरच्या खाटेवर पडून होता. थोरल्या वहिनीला बघून तो कण्हत उठून बसला. "आलात? आता मधे मी आणि माझं मोडकं हाड. भांडा."

सुरेखा आतून बाहेर आली नाही. उज्ज्वलाबाईच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"सुरेखा, मला आपलं जुनं विरजण हवंय. समदही घरात येण्याआधीचं. न मिसळलेलं."

"ते कुठलं? विरजण काय फडताळात घालून ठेवतात? आजचं उद्याला, उद्याचं परवाला."

"सासूबाई परगावी जाताना फडक्याची पट्टी दह्यात भिजवून सावलीत वाळवायच्या. तिथे गेल्यावर कोमट दुधात टाकली की दही लागायचं. तशी एखादी नाही का?"

सुरेखा वळली. "तुम्हाला आठवतंय होय ते? मला वाटलं, तुम्ही पाटावर बसून फक्त जेवायचात."

"सुरेखा."

"आहे. प्राजूला केली होती, जर्मनीला जाताना. सासूबाईंच्या हातचं दही तिथं मिळायचं नाही म्हणून." तिने मिसळणाच्या डब्यामागून कागदाची पुडी काढली. "लेकीनं बॅगेत जागा नाही म्हणून इथंच ठेवली. शिकलेल्या मुली. तुमच्याच वळणावर गेली ती."

पुडीत बोटभर रुंदीची, कडक झालेली, पिवळट पट्टी होती. उज्ज्वलाबाईंनी ती नाकाशी नेली. आंबूस वास अजून होता, जुन्या चुलीच्या धुरासकट.

"ह्यातून माझ्यावरचा आळ निघाला तर बरं," सुरेखा म्हणाली. "नाहीतर माझ्या मयतीलाही येऊ नका."

"तुला चोर म्हणू देणार नाही मी."

"तुमच्या देण्यावरच चाललंय ना माझं," सुरेखा म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. बस म्हणून काही तिने जावेला म्हटलं नाही.

*

कॉलेजात आता नळ्या हलवायला यांत्रिक हात होते. पोरांनी बाईंना खिडकीजवळचं एक जुनं टेबल दिलं आणि आदराने लांबच राहिली. उज्ज्वलाबाईंनी पट्टीचा तुकडा उकळून कोमट केलेल्या दुधात टाकला. दही लागलं. पेन पांढरंच राहिलं. मग त्यांनी दुसऱ्या भांड्यात तेच विरजण घातलं, समदह्याचा एक डबा दूध फिरवून धुतला आणि ते धुवण त्यात ओतलं. रोज त्यातलं चमचाभर नव्या दुधात, अगदी सुरेखासारखं. मुद्दाम जास्त आंबू दिलं.

त्यांना जे वाटत होतं, ते असं. दह्यात दोन जातींचे जंतू एकत्र राहतात. त्यातला एक, माळेसारख्या साखळीत वाढणारा, हा ई. कोलायसारखा नाही. दूध आंबट होत गेलं, गर्दी झाली, खायला कमी पडलं, की तो आपल्या सोबत्यांना रासायनिक सांगावे धाडतो. पुरेसे सांगावे जमले की तो अंगातून एक बारीक तंतू बाहेर काढतो आणि आजूबाजूला पडलेला डीएनएचा धागा धरून आत ओढून घेतो. त्याला बर्फ लागत नाही, चटका लागत नाही, कुणाची आर्जवं लागत नाहीत. समदह्याचा जंतू याच जातीचा होता. साध्या दुधात तो मेला, फुटला आणि त्याच्या पोटातलं सगळं बाहेर सांडलं. घरच्या जंतूने ते आपल्याच जातीचं म्हणून उचललं आणि आपल्या धाग्यात शिवून टाकलं. पण उचलताना अख्खं उचललं नाही. कंपनीने जनुकाला लावलेलं खाद्याचं बटण मागेच राहिलं. दिव्याची तार बटण वगळून सरळ जोडावी तसं झालं. दिवा आता विझणारच नव्हता.

आठवड्याच्या शेवटी पेन जांभळं झालं. उज्ज्वलाबाईंनी एकेक ठिपका वेगळा वाढवून त्याचा डीएनए यंत्राकडून वाचून घेतला. जंतू नखशिखांत माळेवाडीचा होता. त्यात फक्त एक तुकडा कंपनीचा.

ही बातमी निनादला कुणी कळवली कोण जाणे. तो संध्याकाळी त्यांच्या घरी आला. या वेळी त्याने वाकून नमस्कार केला नाही.

"तुम्ही हे लवादात सांगितलंत तर तुमच्या जाऊबाई सुटतील. पुढचं ठाऊक आहे ना? जनुक आपल्या पायांनी चालतं हे सिद्ध झालं, की ते ज्या विरजणात पोचू शकतं ते प्रत्येक विरजण नष्ट करावं लागेल. अख्ख्या जिल्ह्यातलं. शंभर-दीडशे वर्षं चालत आलेलं." तो दाराशीच उभा राहून बोलत होता. "नाहीतर त्यांनी चूक कबूल करावी. आम्ही तक्रार सौम्य करू. तुरुंग होणार नाही, फक्त नाव जाईल. दही राहील."

"आणि लोक?"

"लोकांना आम्ही सांगू, उपासाला जपून खा म्हणून."

"माझ्या प्रयोगशाळेतून तू काय शिकून गेलास रे?"

"नोकरी टिकवायला शिकलो, मॅडम. तुम्हाला कधी तशी वेळ आली नाही."

तो गेल्यावर उज्ज्वलाबाईंनी सुरेखाला लावायला फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. ती काय म्हणेल ते त्यांना माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच त्यांनी विचारलं नाही.

*

अन्नजीव लवादाच्या अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "म्हणजे तुमचं म्हणणं, जंतू आपणहून परकं जनुक घेतात?"

"दह्यातला हा जंतू घेतो. गर्दी झाली, भूक लागली आणि शेजारचा मेला, की त्याचं सामान उचलतो."

मागे बसलेल्या बायका हसल्या. सुरेखा हसली नाही. उज्ज्वलाबाईंनी सगळं सांगितलं: पट्टी, धुवण, सांगावे, तंतू. चोरी झालेली नाही. जे सांडलं ते कंपनीचं सांडलं. उरलेली पट्टी पुराव्यात गेली आणि तिथेच मोहोरबंद झाली.

निनादने एकच प्रश्न विचारला. "मॅडम, हे जनुक कुठल्या घराशी येऊन थांबेल?"

उज्ज्वलाबाईंनी सुरेखाकडे पाहिलं. ती पदराने चेहरा पुसत होती, सुटल्याच्या आनंदात. शेजारची बाई तिच्या पाठीवर हात फिरवत होती.

"थांबणार नाही," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

"म्हणजे ज्या भांड्यात पेन जांभळं होतं..."

"ते भांडं. आणि ज्यात होत नाही तेही. आज नाही तर उद्या होईल. उपाशीपोटी खाणारी म्हातारी माणसं पडतील. भावजी जगले, सगळेच जगतील असं नाही."

निकाल त्याच दिवशी लागला. सुरेखा आवटे निर्दोष. समदह्याचा कारखाना बंद. आणि नदीकाठच्या सगळ्या तालुक्यांतलं घरगुती विरजण, ओलं असो वा वाळलेलं, सरकारी देखरेखीखाली नष्ट.

सुरेखाला शेवटचं वाक्य कळायला थोडा वेळ लागला. मग तिने पाठीवरचा तो हात झटकून टाकला.

*

पथक माळेवाडीत आलं तेव्हा भोंग्यावरून सूचना चालल्या होत्या. बायका दारादारांत उभ्या राहून शिव्या घालत होत्या. सरकारला, कंपनीला, आणि उज्ज्वलाबाई गल्लीतून चालल्या तेव्हा त्यांना, अगदी नाव घेऊन. आवट्यांच्या दारात दोन पोलीस, त्यातल्या एकाच्या हातात जंतुनाशकाची बाटली, आणि एक तरुण तपासनीस खोळंबले होते. सुरेखा उंबऱ्यात आडवी बसली होती.

"ती बाटली पोलिसाच्या हातात नको," ती म्हणाली. "जाऊबाईंच्या हातात द्या. ज्यांनी केलं त्यांनी ओतावं."

दिलीप खाटेवरून म्हणाला, "अगं, जाऊ दे आता."

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या साखरेपायी झालं हे सगळं."

उज्ज्वलाबाईंनी बाटली घेतली. फडताळाखाली मातीचं भांडं होतं, वर पितळी ताटली. ताटली काढली. दही घट्ट लागलेलं होतं, वर सायीचा पिवळा थर, एका कोपऱ्यात चमच्याने काढल्याची सरळ कड. सासूबाई म्हणायच्या, थोरलीच्या हातचं दही कधी असं लागत नाही. त्यांनी बाटली तिरपी केली. क्लोरीनचा वास नाकात चढला, सायीला भोकं पडली, कड ढासळली. निवळ वर आली आणि मग पाणीच पाणी.

"मला विचारलं का नाहीत?" सुरेखा मागे उभी होती.

"काय म्हणाली असतीस?"

"म्हणाले असते, म्हणू देत चोर."

"आणि भावजींसारखे आणखी चार पडले असते."

"पडले असते तर उचललं असतं आम्ही. इतकी वर्षं आम्हीच उचलतोय. सासऱ्यांना मी उचललं, सासूबाईंना मी उचललं. तुम्ही कधी होतात उचलायला? आलात ते बुडवायला आलात."

उज्ज्वलाबाईंनी रिकामी बाटली पोलिसाकडे दिली. तपासनिसाने भांड्यात पेन बुडवून पाहिलं आणि पुढच्या घराकडे जायला वळला.

तोवर सुरेखाने उकळून निवत ठेवलेल्या दुधाचं पातेलं पुढे ओढलं होतं. दूध कोमट झालंय का, ते तिने करंगळी बुडवून पाहिलं. मग परसातून ओंजळभर हिरव्या मिरच्या आणल्या आणि उभ्या उभ्याच त्यांचे देठ खुडायला लागली.

विरजण नसलं की बायका असंच करत. कोमट दुधात मिरचीचे देठ. देठावर रानचे जंतू असतात, तेच हळूहळू दूध आंबवतात. उद्या सैल, बेचव काहीतरी लागतं. त्याचं परवा विरजण करायचं. चार-सहा दिवसांत दही होतं. कुणाच्या सासूचं नाही, कुणाच्या माहेरचं नाही, पण दही.

उज्ज्वलाबाईंची नजर मागच्या दाराकडे गेली. मिरच्यांची रोपं कढीपत्त्याच्या आळ्यालगत होती. आळं ओलं होतं, वर पांढरट पापुद्रा धरलेला.

"सुरेखा, कढीपत्त्याला ताक घालतेस?"

"घालते. आंबट ताकानं तरारतो तो. का?"

"ह्या वर्षीही घातलंस?"

सुरेखाचा हात थांबला. तिने आळ्याकडे पाहिलं, हातातल्या मिरच्यांकडे पाहिलं. ती अडाणी नव्हती. लवादात बसून तिने शब्दन् शब्द ऐकला होता. मोहरीएवढे मातीचे कण देठांना चिकटलेले दिसत होते.

"जाऊबाई," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "एवढं एक. एवढं एक गिळा."

तपासनीस अजून अंगणातच होता, चपला घालत होता. पेन त्याच्या खिशाला अडकवलेलं होतं. सुरेखाने जावेच्या डोळ्यांत बघत बघत देठ दुधात सोडले आणि वर ताटली ठेवली.

"साहेब," उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "जरा आत या."